पिवळ्या खडूचा दिनविशेष

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, परिपाठाची घंटा होण्याआधी, शाळेच्या दाराजवळच्या फळ्यावर सुविचाराखाली मी पांढऱ्या खडूने दिनविशेष लिहिला : ‘३० फेब्रुवारी १७१२ : स्वीडन देशात हा दिवस उजाडला आणि मावळला.’ प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली आणि दिनविशेष वाचायला उभी राहिलेली सातवीतली मुलगी फळ्यापाशी अडखळली. तिने दोनदा मनातल्या मनात वाचून पाहिले आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बाई, खडू चुकला.”

खडू चुकला म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. चाळीसगाव तालुक्यातल्या या शाळेत मी २९ वर्षे गणित शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे परिपाठाचा फळा माझ्याकडे होता. विज्ञान आणि गणित यांतल्या जयंत्या, पुण्यतिथ्या आणि शोधांचे दिवस मी एका जाड वहीत उतरवून ठेवले होते. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन; २२ डिसेंबर १८८७ ला रामानुजन जन्मले, म्हणून तो राष्ट्रीय गणित दिन. मुले हे वाचत, टाळ्या वाजवत आणि दुपारपर्यंत विसरून जात. टिकत असे ते वेगळेच. लंडनमधल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक आणि त्यावर रामानुजन यांनी इंग्रज गणिती हार्डींना आजारपणात अंथरुणावरून दिलेले उत्तर (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या) मात्र पुढच्या वर्षीही त्यांना आठवत असे, कारण तिथे तारखेला गोष्ट बांधलेली होती.

म्हणून मी मुलांना गोष्टी रचायला सांगितल्या. खरा दिनविशेष पांढऱ्या खडूने लिहायचा आणि त्याच्या खाली, ज्याला सुचेल त्याने, कल्पनेतला दिनविशेष पिवळ्या खडूने. अट एकच होती : दोन रंग कधी मिसळायचे नाहीत. पिवळ्या खडूने मुलांनी जे लिहिले ते मी माझ्या वहीत मागच्या पानांपासून उतरवत गेले. ‘आज शून्याचा वाढदिवस. किती वर्षे पूर्ण झाली, हे त्याने सांगितले नाही.’ ‘आजच्या दिवशी एका शेतकऱ्याने बांधाबांधाने न जाता शेतातून तिरपी वाट धरली आणि त्याला कर्ण सापडला.’ दुसरी ओळ लिहिणारा मुलगा स्वतः रोज तशाच तिरप्या वाटेने शाळेत येत असे. ती वाट जवळची पडते हे त्याच्या पायांना त्रिकोणाच्या नियमाच्या किती तरी आधी कळलेले होते आणि तेच त्याने इतिहासाच्या रूपात मांडले होते.

तर त्या सकाळी ३० फेब्रुवारी पांढऱ्या खडूने लिहिलेला पाहून मुलांना वाटले की बाईंनी चुकून खडू बदलला. पण खडू चुकला नव्हता. युरोपातले काही देश तेव्हा ग्रेगोरियन पंचांग पाळत होते आणि काही जुने ज्युलियन, आणि दोहोंत त्या काळी दहा-अकरा दिवसांचे अंतर होते. स्वीडनने ठरवले की अकरा दिवस एकदम गाळायचे नाहीत. १७०० पासून पुढची चाळीस वर्षे लीप दिवस वगळत जायचे, म्हणजे अंतर आपोआप भरून निघेल. १७०० मध्ये तो दिवस गाळला गेला. पुढे युद्ध पेटले आणि १७०४ व १७०८ मध्ये गाळायचे राहूनच गेले. देशाचे पंचांग आता कोणाशीच जुळेना, ना जुन्याशी ना नव्याशी. शेवटी बाराव्या चार्ल्स राजाने जुन्या पंचांगाकडे परत जायचे ठरवले आणि गाळलेला एक दिवस परत करण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला, आधीच २९ दिवस असताना, आणखी एक दिवस जोडण्यात आला. नवे पंचांग तिथे पुढे १७५३ मध्ये आले, तेव्हा १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. मुले हे ऐकत असताना मला स्पष्ट दिसत होते की त्यांच्या रचलेल्या गोष्टींपेक्षा ही खरी गोष्ट त्यांना अधिक अद्भुत वाटत होती. “त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचा वाढदिवस कधी?” असे एकाने विचारले, आणि त्या बाळाला दुसऱ्या दिवशीच्या फळ्यावर पिवळ्या अक्षरांत जागा मिळाली.

याच पंचांगांच्या घोळाने पुढे मला माझ्याच वहीत एक चूक दाखवली आणि ती मला आजही बोचते. ‘ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य मी अनेक वर्षे पांढऱ्या खडूने लिहीत आले होते. ते कोणत्याही दिनविशेषाच्या पुस्तकात सापडते आणि ऐकायलाही गोड वाटते. जणू एका हातातून दिवा दुसऱ्या हातात गेला. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी गेले आणि न्यूटन २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मले, इथवर सगळे खरे आहे. पण पहिली तारीख इटलीतल्या नव्या पंचांगाची आहे आणि दुसरी इंग्लंडमधल्या जुन्या पंचांगाची, कारण इंग्लंडने १७५२ पर्यंत नवे पंचांग स्वीकारले नव्हते. दोन्ही तारखा नव्या पंचांगाने मोजल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो; दोन्ही जुन्याने मोजल्या तर गॅलिलिओंचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला जातो. मधले अंतर दोन्हीकडे ३६१ दिवसांचेच, पण वर्ष एक येत नाही. तारखा खऱ्या होत्या. खोटी होती ती त्यांची गाठ. हे कळले त्या दिवशी मी ते वाक्य फळ्यावर पुन्हा लिहिले, या वेळी पिवळ्या खडूने, आणि का ते मुलांना सांगितले. स्टीफन हॉकिंग यांची गोष्ट मात्र पांढरीच राहिली : त्यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओंच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, आणि मृत्यू १४ मार्च २०१८ चा, आइनस्टाइन यांच्या जन्मदिवशी. या तारखा एकाच पंचांगातल्या असल्यामुळे तिथे योगायोग खरोखरचा आहे.

न्यूटनच्या सफरचंदाला कोणता खडू लावायचा, यावर वर्गात वाद झाला आणि तो मुलांनीच सोडवला. डोक्यावर पडलेले सफरचंद पिवळे, झाडावरून पडताना दिसलेले पांढरे. कारण विल्यम स्टुकली या स्नेह्याशी १५ एप्रिल १७२६ रोजी बोलताना, सफरचंदाच्याच झाडांच्या सावलीत बसून, म्हाताऱ्या न्यूटनने ती आठवण स्वतः सांगितली होती. डोक्याचा उल्लेख तिथे कुठेही नाही. ज्या झाडाची ही गोष्ट ते न्यूटनच्या गावचे, वूल्सथॉर्पचे झाड १८२० मध्ये वादळात कोसळले आणि पडल्या जागी पुन्हा रुजून उभे राहिले. त्याच वंशाची रोपे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात लावली गेली होती, हे ऐकल्यावर मुलांना न्यूटन एकदम जवळचा वाटू लागला.

मी ज्या गोष्टीकडे येते आहे ती मात्र माझ्या आईने मला सांगितलेली आहे आणि तिला कोणता खडू लावायचा हे ठरवताना मला फार जड गेले.

तिची सुरुवात झाली १४ मार्चच्या एका साध्या प्रश्नाने. हा दिवस ‘पाय दिन’ म्हणून जगभर पाळतात; पाय (π) म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, सुमारे ३.१४; कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि ३/१४ असे लिहिले की ३.१४ दिसते. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले की आपण तर १४/३ लिहितो, मग आपला पाय दिन कोणता? दुसऱ्याने उत्तर दिले, २२ जुलै, म्हणजे २२/७. ते मला इतके आवडले की त्या वर्षापासून आमच्या फळ्यावर २२ जुलै पक्का झाला. आणि २२/७ म्हटले की आमच्या भागात भास्कराचार्य यायचेच, कारण ‘लीलावती’ या आपल्या गणिताच्या ग्रंथात त्यांनी पायच्या दोन किमती दिल्या आहेत : सूक्ष्म हवी असेल तर ३९२७/१२५० आणि स्थूल, पण व्यवहाराला योग्य, अशी २२/७. व्यवहारयोग्य हा शब्द त्यांचाच आहे. बाजारात, शेतात, विहिरीच्या काठावर माणसाला किती अचूकता लागते याचे भान असलेल्या माणसाचा तो शब्द आहे.

भास्कराचार्यांची जयंती कधी, असे मुलांनी विचारले तेव्हा माझी वही कोरी होती. आपला जन्म त्यांनी स्वतः सांगून ठेवला आहे, पण फक्त वर्ष. ‘रसगुणपूर्णमही’ : रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी एक, अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे आणि मिळतो शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. पुढच्याच चरणात ते म्हणतात की ‘रसगुण’ वर्षांचा असताना, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, मी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. जन्मशकाची सुरुवात ज्या दोन शब्दांनी केली तेच दोन शब्द वय सांगायला त्यांनी पुन्हा वापरले, आणि या मांडणीचा आनंद त्यांना झाला असणार हे आठशे-नऊशे वर्षांनीही वाचताना जाणवते. पण दिवस नाही, महिना नाही. २०१४ मध्ये त्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाली, तेव्हाही ती वर्षाचीच जयंती होती. मुलांनी त्यांना पिवळ्या खडूने एक वाढदिवस दिला, आणि ‘लीलावती’तल्या भुंग्यांना आमंत्रण पाठवले.

ते भुंगे आमच्या वर्गाचे लाडके होते. एका थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या फुलांकडे गेले, संपूर्ण थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले, आणि रात्री सुगंधाच्या लोभाने एक भुंगा मिटलेल्या कमळात अडकला असून बाहेर त्याची भुंगी गुणगुणते आहे. तर सांग, एकूण भुंगे किती? उत्तर ७२. सहा, चौसष्ट आणि दोन. गणित बरोबर सुटल्यावरही एक मुलगा अस्वस्थ होता. त्याने फळ्यावर पिवळ्या खडूने लिहिले : ‘७३ वा भुंगा रात्री उशिरा आला आणि त्याने कमळ उघडले.’ भास्कराचार्यांच्या उत्तराला त्यात कुठेच धक्का लागत नव्हता.

याच दिवसांत मी त्यांना लीलावतीची गोष्ट सांगितली, आईने मला सांगितली होती तशीच. भास्कराचार्यांच्या लाडक्या लेकीच्या पत्रिकेत वैधव्य होते. त्यांनी आकाश धुंडाळून असा एक मुहूर्त शोधला की त्यावर लग्न लागले तर ते संकट टळेल. वेळ चुकू नये म्हणून पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र ठेवले. तांब्याची वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्र. पाणी खालून आत येते आणि वाटी बुडते तेव्हा एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, पुरी होते. घटका भरली, असे आपण म्हणतो ते यावरूनच. नवरीच्या वेषातली लीलावती कुतूहलाने वाकून पाहू लागली आणि तिच्या दागिन्यातला एक मोती निखळून वाटीत पडला, छिद्रावर बसला. वाटी बुडेचना. कोणाच्या लक्षात येईपर्यंत मुहूर्त टळला होता. मग वडील म्हणाले, तुझ्या नावाचा असा ग्रंथ लिहीन की तो जगात राहील.

आईला हे सांगताना दर वेळी गहिवरून येत असे. माझ्या मनात गणित या विषयाला पहिली जागा मिळाली ती याच गोष्टीतून. बेरीज-वजाबाकीच्या आधी, त्या घंगाळावर वाकलेल्या मुलीमुळे. पुढे शिकताना कळले की ही गोष्ट ‘लीलावती’ या ग्रंथात नाही. ती आढळते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. ग्रंथ ११५० चा, गोष्ट ४३७ वर्षांनंतरची. मूळ ग्रंथात लीलावतीला कुठे ‘बाले’ म्हटले आहे, कुठे ‘सखे’ आणि भुंग्यांच्या श्लोकात तर ‘कान्ते’; लेकीला ‘कान्ते’ अशी हाक कोण मारील? ती मुलगी होती, पत्नी होती, की ग्रंथालाच दिलेले ते एक लाडके नाव होते, यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. हे सारे कळले त्या संध्याकाळी मला घरातले कोणी गेल्यासारखे वाटले होते. आईला मी ते कधीही सांगितले नाही.

पण फळ्याचा नियम माझाच होता. गोष्ट सांगून झाल्यावर मी पिवळा खडू उचलला, ‘लीलावतीचा मोती’ असे लिहिले आणि फैजीचे नाव व साल मात्र पांढऱ्या खडूने लिहिले. वर्ग गप्प होता. मग ३० फेब्रुवारीला अडखळलेली तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे ती नव्हतीच का बाई?” मी तिला सांगितले की नव्हती असे म्हणायलाही आपल्याकडे आधार नाही. तिने आणखी एक प्रश्न विचारला, आणि गणित शिकवताना मला विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी तोच मी सर्वांत जास्त वेळा आठवते : “पण मग मोत्याने वाटी खरंच थांबते का, ते तर बघता येईल ना?”

त्याआधी आम्ही पाटणला जाऊन आलो. चाळीसगावपासून अठरा-एक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत, पाटणादेवीचे देऊळ आहे आणि तिथला शिलालेख हा भास्कराचार्यांच्या घराण्याचा सर्वांत ठाम पुरावा आहे. गोव्यातल्या मांद्रे गावी जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात वडिलांपासून मुलापर्यंत पिढ्या मोजल्या आहेत : त्रिविक्रमापासून काही पिढ्यांनी महेश्वर, महेश्वराचा भास्कर, भास्कराचा लक्ष्मीधर, लक्ष्मीधराचा चांगदेव. हा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग आपल्या जुन्या मराठीत आहे आणि पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे कोणते उत्पन्न मठाला द्यायचे, हे तिथे सांगितले आहे. दानाचा दिवसही दिला आहे : श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७.

लीलावतीचे नाव त्या दगडावर नाही. मुलींनी ते बराच वेळ शोधले. पण मी तिथे उभी असताना माझ्या मनातली जुनी रुखरुख हळूहळू ओसरली, कारण एका माणसाचे गणित पुढच्या मुलांना शिकवता यावे म्हणून गावच्या बाजाराने आपल्या मिळकतीतला वाटा द्यायचा, ही गोष्ट कोणीही रचलेली नव्हती. ती दगडात कोरलेली होती, तिला तारीख होती, आणि ती आमच्याच तालुक्यात घडली होती. ९ ऑगस्टला आमच्या फळ्यावर दर वर्षी क्रांतिदिन असतो, आणि तो असायलाच हवा. त्या वर्षीपासून त्याच्या खाली पांढऱ्या अक्षरांत दुसरी एक ओळ येऊ लागली : ‘१२०७ : पाटण येथील मठास दान.’

वाटीचा प्रयोग पावसाळ्यानंतर झाला. तांब्याची वाटी मी घरून आणली आणि गावातल्या सोनाराने तिच्या तळाला छिद्र पाडून दिले. पहिले छिद्र मोठे झाले. वाटी ९ मिनिटांत बुडाली. दुसऱ्या वाटीला त्याने आणखी बारीक सुई लावली आणि ती बुडायला २२ मिनिटे लागू लागली. घटकेला दोन मिनिटे कमी पडली, तरी वर्गाला ती पुरेशी होती. पाण्यासाठी एकीच्या घरचे पितळी घंगाळ आले होते. बाजारातला खोटा मोती टाकून पाहिला तर तो तरंगत राहिला. तो हलका प्लॅस्टिकचा होता. मग त्या मुलीने रुमालाची गाठ सोडली. तिच्या आजीची नथ मोडली होती आणि तिच्यातला एक खरा मोती आजीने या कामासाठी दिला होता.

तास सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला, वाटीत बोटभर पाणी आले असताना, तिने वाकून मोती आत सोडला. तो तळाशी गेला, थोडासा घरंगळला आणि छिद्रावर बसला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पाणी थांबले नाही, पण इतके मंदावले की आत येणारी धार दिसेनाशी झाली. “बाई, मोत्याला वेज आहे,” ती म्हणाली. खरेच होते. दागिन्यातल्या मोत्याला दोरा किंवा तार ओवायला वेज असतेच. लीलावतीच्या मोत्यालाही असणार. थोडे पाणी त्या वेजातून येत असेल, थोडे मोत्याच्या कडेने. एरवी वाटी जेव्हा बुडायची ती वेळ आली आणि गेली. पाणी अर्ध्यावरही आले नव्हते. कोणी तरी फळ्यावर मिनिटे लिहीत होते, २५, ३०, आणि कोणत्या खडूने लिहायची हे त्याला सांगावे लागले नाही.

३५ मिनिटे झाली आणि तास संपल्याची घंटा वाजली. बाकांचे आवाज झाले, पुढच्या तासाचे सर दारात येऊन थांबले. ती मुलगी मात्र घंगाळाजवळ गुडघे टेकून बसली होती, केसांची वेणी पाण्याला लागू नये म्हणून एका हाताने मागे धरून, आणि वाटी अजून तरंगत होती.